दिल्यानी

१

सत्यवान परबांनी जीभ बाहेर काढली आणि मला कळलं, की माझ्या टेबलावरची बाटली खोटी आहे.

बाटली ग्लायफोसेटची होती. गवत मारायचं औषध, काजूच्या बागांतून सगळेच मारतात. आदल्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, परबांना मसुऱ्याहून आमच्या रुग्णालयात आणलं तेव्हा सोबत हीच बाटली आली. ड्यूटीवरच्या डॉक्टरने लेबल वाचलं आणि त्यावर विश्वास ठेवला. मीही ठेवला असता. माणूस भडाभडा ओकत असताना घरचे लोक बाटली पुढे करतात, तेव्हा तिची उलटतपासणी कोण घेत बसतो? पोट धुतलं, सलाइन लावलं, दम लागतो म्हणाले म्हणून ऑक्सिजनची नळी नाकाला अडकवली. ग्लायफोसेट असतं तर हे सगळं बरोबर होतं.

पण ग्लायफोसेटने तोंडाची अशी दशा सहसा होत नाही. ओठ आतून पांढरे पडले होते. जिभेची सालं सुटत होती. लघवी जवळजवळ बंद. होती तेवढी मी परीक्षानळीत घेतली, तपासणीची पावडर टाकली, आणि बघता बघता नळीतलं पाणी दौतीतल्या शाईसारखं निळं झालं.

पॅराक्वाट. तेही तणनाशकच, पण ह्याला उतारा नाही. पहिल्या काही तासांत कोळशाची पूड किंवा मुलतानी माती पोटात गेली तर थोडंफार विष तिथेच बांधलं जातं. ते तास आमच्या हातून गेले होते. एकदा रक्तात उतरलं की ते मूत्रपिंडं बिघडवतं आणि फुप्फुसात जाऊन बसतं. माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, घरी कधी सोडणार विचारतो, आणि फुप्फुसं आतल्या आत वाळत जातात. त्यात ऑक्सिजन दिला तर हे काम दुप्पट वेगाने होतं.

"नळी काढा," मी सिस्टर सावित्रीला म्हटलं. सत्यवानाच्या उशाशी सावित्री होती खरी, पण ती आमच्या वॉर्डातली नर्स, आणि यमापुढे तिचं काही चालणार नव्हतं.

पलंगाशी उभी असलेली सून भडकली. संचिता तिचं नाव. मसुऱ्यात ब्यूटी पार्लर चालवते. नवरा मंगेश बोटीवर, सासू वारलेली, घरात ती आणि सासरे दोघंच.

"बाबांका दम लागता आणि तुमी नळी काढतास? कोरोनात ऑक्सिजन गावलो नाय म्हणान लोक गेले. हय आसा, तरी देवचो नाय?"

"गप रव, बाय. डॉक्टरांका कळता," मागून कुणीतरी शांतपणे म्हणालं. ते दाजी, सत्यवानांचे थोरले भाऊ. पांढरा सदरा, गळ्यात तुळशीची माळ. गावात पालखीचा पहिला मान त्यांचा आणि देवळात देवापुढे गावाचं गाऱ्हाणं घालायचं तेही त्यांनीच. बाटली त्यांनीच आणली होती.

"कुठे मिळाली?" मी विचारलं.

"सुनेच्या पार्लराच्या पायऱ्येखाली," दाजी म्हणाले, आणि संचिताकडे न बघता बाहेर गेले.

सत्यवानांनी कुशीवर वळून मला विचारलं, "दाजी गेले? जेवले काय ते?" मग सुनेकडे डोळे वळवून, "आणि ती? काय खाल्ल्यान काय तिना सकाळपासून?"

मरणाऱ्या माणसाला दुसऱ्यांच्या जेवणाची काळजी. मी काहीतरी उत्तर दिलं. दारात पोलीस उभे होते.

२

उपनिरीक्षक जितेंद्र शेळके परभणीकडचे. सिंधुदुर्गात बदली होऊन फार दिवस झाले नव्हते, आणि इथली माणसं कमी बोलतात ही त्यांची तक्रार होती. माणसं भरपूर बोलतात. त्यांना ते कळत नव्हतं, एवढंच.

"पेशंट जबाब द्यायच्या अवस्थेत आहे, एवढं लिहून द्या, मॅडम."

मी लिहून दिलं. सत्यवान पूर्ण शुद्धीवर होते, फक्त तोंड भाजल्यामुळे शब्द घोगरे येत होते. शेळक्यांनी मोबाइल समोर धरून ध्वनिमुद्रण चालू केलं. तेवढ्यात छातीत कळ आलेला, मच्छीमार बोटीवरचा एक तांडेल आत आला आणि मला जावं लागलं. परत आले तेव्हा शेळके खुशीत कागदाची घडी घालत होते.

"झालं मॅडम. सून."

मी घडी उलगडून वाचली. *मला घरातल्या बाईनेच दिले. पी म्हणाली, म्हणून मी प्यायलो.*

"घरात बाई एकच," शेळके म्हणाले. "बाटली तिच्या पायरीखाली. परवा सकाळी महिला शिपाई मागवलीय. तिला उचलतो. म्हातारा गेला की हाच मृत्युपूर्व जबाब."

"म्हातारा" पंचावन्नचाही नव्हता. पण मला टोचलं ते वेगळंच. संचिता मघाशी माझ्याशी भांडली होती, आणि जिने विष दिलं ती बाई ऑक्सिजनसाठी डॉक्टरशी भांडत नाही. अर्थात, नाटक करणाऱ्याही बघितल्यात मी.

"शेळके, ह्यांच्या लघवीत पॅराक्वाट आहे. तुमच्या बाटलीत ग्लायफोसेट. आरोपपत्रात हे दोन्ही लिहाल तर वकील तुमची हुर्यो उडवतील. खरी बाटली कुठाय?"

त्यांचा चेहरा उतरला. एवढं मला पुरेसं होतं.

ते गेल्यावर मी सत्यवानांजवळ बसले. मी देवबागची, माझा बाप किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारा. त्यांच्याशी मी मालवणीतच बोलले. "तुमका कडू लागला नाय? वास येवक नाय? थुकून टाकूचा ना तेव्हाच!"



"ता थुकूचा नसता, बाय," ते म्हणाले, आणि भिंतीकडे वळले.

३

बुधवारी सकाळी आम्ही मसुऱ्याला गेलो. शेळक्यांना पंचनामा करायचा होता, मला बाटली हवी होती. महिला शिपाई जीपमध्ये मागे बसली होती. संचिताला येताना सोबतच न्यायचं, असा बेत मला न सांगता ठरलेला होता.

पार्लर म्हणजे घराच्या पडवीचा एक भाग, पत्र्याने आडोसा केलेला. आरशाखालच्या फळीवर मुलतानी मातीची पाकिटं ओळीने लावलेली होती. मी ती बघितली आणि मला कडू हसू आलं. रविवारी दुपारी कुणी खरं नाव सांगितलं असतं, तर ह्याच मातीचं पाणी करून पाजा म्हणून मी फोनवर ओरडले असते. वाचलेच असते असं नाही. पण आम्ही काहीतरी केलं असतं.

"बाटली माझीच," संचिता म्हणाली. पोलिसांसमोर ती शुद्ध मराठीत आली होती. "पायरीकडचं गवत मारायला आणलेली. पण ती बाबांनी प्यायली नाही. अर्धी मीच वापरली होती, रुग्णालयात बघितली तेव्हाही तेवढीच होती."

"सासऱ्यांशी भांडण?" शेळके.

"बागेत पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधूया म्हटलं. ते म्हणाले, ती राखणदाराची जागा आहे, तिथे कुदळ लावायची नाही. आठवडाभर बोलत नव्हतो आम्ही." तिने फळीवरची पाकिटं सरळ केली. "चहा मात्र रोज मीच देत होते."

शेळक्यांनी माझ्याकडे बघितलं. हेतू सापडला, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"रविवारी दुपारी कुठे होतीस?" मी विचारलं.

"कसालला. नवरीचा मेकअप होता. सकाळी बाबांना चहा दिला आणि निघाले."

"चहातून दिलं असेल," शेळके पुटपुटले.

"चहातून दिलं असतं तर ओकाऱ्या सकाळीच सुरू झाल्या असत्या," मी म्हटलं. "आणि ते काय लपून राहणारं विष आहे? घाण वास मारतं. संचिता, दुपारी ते कुठे होते?"

"बागेत. राखण द्यायची होती. वर्षाची."

शेळक्यांना मी समजावलं. बागेला एक राखणदार असतो, देवचार म्हणा. पीक राखतो, चोर-जनावर फिरकू देत नाही. वर्षातून एकदा त्याला त्याचा मान द्यायचा, कोंबडा, वडे, नारळ, विडी, दारू. घरातला थोरला गाऱ्हाणं घालतो.

"तुम्ही गेला नाहीत?" शेळक्यांनी संचिताला विचारलं.

"बायकांनी जायचं नसतं. दाजी आणि बाबाच जातात. तांबडी चिंधी बांधून ठेवलेली वस्तू असते ती राखणदाराची, तिला हातसुद्धा लावायचा नाही असं आम्हाला सांगितलंय."

पार्लरमधून निघालो तर व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्यावर, एक माणूस पाठीवरचा फवारणीचा पंप धूत होता. बाबली त्याचं नाव. मजुरीवर गावभर गवत मारत फिरतो. परबांची बागही त्यानेच मारली होती.

"कुठलं औषध मारलंस?" शेळके.

"ह्याच, साधा. संचितावयनीकडे आसा ना, तसलाच."

मी त्याचे हात बघत होते. अंगठ्याचं नख मुळाशी पांढरं पडून सुटलं होतं, शेजारचं पिवळं होऊन वाकलं होतं. गळका पंप आणि उघडे हात घेऊन वर्षानुवर्षं पॅराक्वाट मारणाऱ्यांची नखं अशी होतात.

"बाबली, खोटा बोलू नको. तुझी नखा सांगतत."

त्याने हात पाठीमागे नेले. मग खाली बसला आणि रडायलाच लागला.

"माझी बाटली गेली, मॅडम. मोठ्या कॅनातला थोडा वतून घेतलेला. रविवारी सांजेक बघूक गेलंय, तर नाय."

"कसली बाटली?"

"दारवेची. रिकामी होती म्हणान घेतलंय. मांगराच्या वळचणीक खोचून ठेवलेली. कोणी चुकान पिव नये म्हणान मानेक तांबडी रिबीन बांधलेली. माझ्या चेडवाच्या शाळेची."

४

परबांची बाग चढावर. वरच्या अंगाला मांगर, म्हणजे अवजारं ठेवायची आणि राखणीला बसायची नारळाच्या झापांची खोपी, आणि तिच्यामागे एका ऐनाच्या झाडाखाली राखणदाराचा दगड. पावसाळ्यानंतरचं गवत अजून हिरवं होतं. बाबलीने फवारलेला खालचा तुकडा तेवढा करपलेला.

मी आधी मांगरात गेले. कोपऱ्यात केळीच्या पानात गुंडाळलेली एक बाटली उभी होती. हुंगून बघितली. काजूची दारू, अस्सल. बूच जसंच्या तसं, बाटली काठोकाठ भरलेली.

"राखण दिली ना रविवारी?" मी बाबलीला विचारलं.

"दिली तर. कोंबड्याची पिसा हयच पडलेली आसत."

"मग ही दारू फोडली का नाही?"

शेळके म्हणाले, "दुसरी असेल."

आम्ही ऐनाखाली गेलो. दगडापुढे नारळाची करवंटी पालथी पडलेली, बाजूला अर्धी जळलेली विडी. आणि करवंटीभोवती, हातभर जागेत, गवत तपकिरी होऊन मेलेलं. चारी बाजूंनी हिरवंगार, मधे तेवढाच डाग. फवाऱ्याचा नाही. कुणीतरी काहीतरी ओतल्याचा, थेट दगडाच्या पायथ्याशी.

"ग्लायफोसेटने गवत मरायला आठवडा-पंधरवडा लागतो," मी शेळक्यांना म्हटलं. "हे रविवारी ओतलं आणि आज बुधवारी मेलेलंय. इतकं झटपट पॅराक्वाटच मारतं. देवचारालासुद्धा तेच पाजलंय."

"मॅडम," बाबली म्हणाला. तो दगडाकडे बोट दाखवत होता. दगडाच्या गळ्यात एक तांबडी पट्टी बांधली होती, दोन्ही कडांना शिवण घातलेली. शाळेच्या पोरी वेण्यांना बांधतात तसली रिबीन.

"हीच ती."

आता कुणालाही कळलं असतं. वळचणीला तांबडी रिबीन बांधलेली दारूची बाटली. बाबलीच्या लेखी तांबडा म्हणजे जपून. परबांच्या लेखी तांबडा म्हणजे राखणदाराचं. कुणीतरी ती बाटली राखणीची समजून उतरवली, रिबीन सोडून दगडाला वाहिली, थोडं दगडावर ओतलं आणि उरलेलं करवंटीत भरून माणसाच्या हातात दिलं. काळ्या करवंटीत औषधाचा हिरवट रंग कुठला दिसायला? आणि देवाचं तीर्थ म्हणून हातात आलेलं एका घोटात घ्यायचं असतं. कितीही घाण लागलं तरी थुंकायचं नसतं. सत्यवानांनी मला सगळं सांगून टाकलं होतं. मीच मठ्ठ.

"पण स्वतःच उतरवून प्यायला नसेल कशावरून?" शेळके म्हणाले. "आणि बाटली?"

मी बाबलीकडे वळले. "सांजेक बाटली नाय गावली, मगे तू कोणाक विचारलंस?"

"दाजींका विचारलंय. देवळाकडे होते. म्हटलंय, रिबीन बांधलेली बाटली बघलात काय, इख आसा तेच्यात. ते मिनीटभर कायच बोलले नाय. मगे म्हटल्यानी, माका काय म्हायत नाय."

म्हटल्यानी.

"शेळके, तो जबाब लावा. आत्ता."

मोबाइलमधून सत्यवानांचा घोगरा आवाज आला. "घरच्यानीच दिल्यानी. पी म्हटल्यानी, पियालंय."

"हेच तर," शेळके म्हणाले. "घरच्या बाईनी दिलं. तिनी पी म्हटलं."

"त्यात 'तिनी' कुठाय?"

५

परतताना संचिता जीपमध्ये मागे होती, महिला शिपायाशेजारी. शेळक्यांनी वरिष्ठांना कळवून टाकलं होतं आणि आता मागे फिरायला त्यांना माझ्या तर्कापेक्षा काही भक्कम हवं होतं. मी पुढच्या सीटवर बसून त्यांना व्याकरण शिकवत होते.

"आमच्यात 'त्याने दिलं' आणि 'तिने दिलं' ह्यांना क्रियापद एकच, दिल्यान. पुरुष की बाई, ते नुसतं क्रियापद ऐकून कळत नाही. पण देणारा मानाचा असेल, अहो-जाहोतला, तर म्हणायचं दिल्यानी. सत्यवान सुनेबद्दल माझ्याशी बोलले तेव्हा 'खाल्ल्यान काय तिना' म्हणाले. दाजींबद्दल विचारलं ते 'जेवले काय ते'. कुठल्याही सासऱ्याने सुनेला कधी 'दिल्यानी' म्हटलेलं ह्या जिल्ह्यात मला दाखवा, मी नोकरी सोडते. तुमच्या कानाला शेवटचा 'नी' लागला आणि तुम्ही त्याची बाई केलीत."

शेळक्यांनी मोबाइल कानाला लावून जबाब पुन्हा एकदा ऐकला.

"घरचे म्हणजे सगळे मिळून, असंही होऊ शकतं."

"होऊ शकतं. मोजा मग. बागेत दोघेच होते. सत्यवानांना कुणीतरी दिलं. राहिलं कोण? शिवाय दाजी माळकरी, दारू तोंडाला लावत नाहीत. दारूचा वास कसला आणि ह्याचा कसला, त्यांना काय ठाऊक? स्वतः पीत असते तर करवंटी नाकाशी नेल्याबरोबर थांबले असते."

"चुकून झालं, असं म्हणताय?"

"दुपारी झालं ती चूक. संध्याकाळी बाबलीने विचारलं तेव्हा दाजींना कळलं, की भावाच्या पोटात काय गेलंय. त्यानंतर त्यांनी ती बाटली नाहीशी केली, सुनेच्या पायरीखालची उचलली आणि आमच्या टेबलावर आणून ठेवली. बाबलीने सांगितलेलं एक वाक्य माझ्या डॉक्टरला सांगितलं असतं तर आम्ही निदान झुंजलो असतो. ऑक्सिजन लावून आगीत तेल तरी ओतलं नसतं."

मागून हुंदका ऐकू आला. संचिता सगळं ऐकत होती.

"मॅडम, व्याकरणावर अटक होत नाही," शेळके म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

दाजी रुग्णालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसले होते, मांडीवर देवीच्या तीर्थाचा तांब्या. मी समोर उभी राहून सगळं सांगितलं. रिबीन, करवंटी, भरलेली बाटली, करपलेलं गवत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

"डॉक्टरानू, मी गाऱ्हाणा घातलंय आणि देवळाकडे गेलंय. मागे सत्यान काय उघडल्यान, काय पियाल्यान, माका काय म्हायत? माझो भाव सांगांदे, दाजीन दिल्यान म्हणान. मी आत्ता पोलिसांवांगडा जातंय."

हा माणूस दरवर्षी सगळ्या गावाच्या वतीने हात जोडून म्हणतो, काय चुकला माकला असात तर माफ कर, म्हाराजा. आणि गाव मागून म्हणतं, व्हय म्हाराजा. स्वतःची एक चूक मात्र त्याच्या घशातून बाहेर येत नव्हती. भाऊ आपलं नाव घेणार नाही याची त्याला बालंबाल खात्री होती. घ्यायचं म्हटलं तरी आवाज आहे कुठे, हेही त्याने सकाळी बघून घेतलं असणार. माझ्या डोक्यात सणक गेली.

६

सत्यवानांचा आवाज खरंच गेला होता. ओठांवर खपल्या, डोळे पिवळे, आणि प्रत्येक श्वासाला खांदे उचलत होते. डायलिसिस झालं, सूज उतरवायची इंजेक्शनं झाली. मी गोव्यातल्या माझ्या सरांना फोन केला होता. त्यांनी सगळं ऐकून हळू आवाजात विचारलं, "घरच्यांना सांगितलंस का?"

मी सत्यवानांच्या कानाशी वाकले.

"सत्यवानानू, पोलीस संचिताक घेवन चलले. तुमका इख तिना दिल्यान, असा लिवन घेतलेला आसा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. भावावर पांघरूण घातलं ते सुनेच्या अंगावरचं ओढून, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मान हलवली, नाही, नाही, पुन्हा पुन्हा. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानात गेलं.

"मगे कोणी दिल्यानी, ता सांगा."

त्यांनी डोळे मिटले. मला राग आला, आणि रागाची लाजही वाटली. आयुष्यभर ज्याला अहो म्हटलं त्याचं नाव पोलिसांसमोर घ्यायचं, तेही अशा तोंडाने. मी त्यांच्या जागी असते तर घेतलं असतं का, कोण जाणे.

शेळके दारात येऊन उभे राहिले, त्यांच्या मागे संचिता आणि महिला शिपाई. सुनेला एकदा पाया पडू द्या, म्हणून मीच सांगितलं होतं. आणि त्या सगळ्यांना बाजूला सारत दाजी आत आले, तांब्या आणि पळी घेऊन.

"सत्या, देवीचा तीर्थ हाडलंय. तोंड उघड बघू."

मी अडवणार होते, कारण त्या तोंडात पाण्याचा थेंबही आग करत होता. पण सत्यवानांनी डोळे उघडले, संचिताकडे बघितलं, मग भावाकडे. आणि तोंड उघडलं. दाजींनी पळी ओठांशी नेली. तीर्थ आत गेलं. दाजींनी समाधानाने डोळे मिटून हात जोडले.

सत्यवान कोपरावर उठले. एवढी ताकद त्यांच्यात कुठून आली कळलं नाही. त्यांनी सगळं तीर्थ, रक्तासकट, दाजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर थुंकलं.

आमच्याकडे तीर्थाचा थेंब जमिनीवर पडला तरी बोटाने टिपून डोळ्यांना लावतात. सिस्टर सावित्रीच्या तोंडून "अगे बाय" निघालं. दाजी सदऱ्याकडे बघत उभे राहिले. मग ते पलंगाच्या कडेला खालीच बसले.

"माका म्हायत नाय होता रे, सत्या. रिबीन बघलंय, माका वाटला राखणीचीच. माझ्या हातान तुका..."

शेळक्यांच्या हातातला मोबाइल चालू होता. ह्या वेळी त्यांना भाषांतराची गरज पडली नाही.

"बाटली खंय टाकलात?" मी विचारलं.

"खाडयेत."

"सांजेक बाबलीन सांगल्यान, तेव्हा तरी आमका सांगूचा ना!"

"गाऱ्हाणा मी घालतंय, बाय," दाजी म्हणाले. "राखणीत इख गेला म्हणान गावाक कळला, तर मान रवता काय? माका वाटला, साधा गवताचा औषद म्हटला तर तुमी बरो करून पाठवशात." त्यांनी हे इतक्या साधेपणाने सांगितलं, की ह्याहून मोठं कारण जगात नसावं. सुनेचं काय होणार होतं, हे त्यांनी उच्चारलंच नाही. शेळक्यांनी त्यांना दंडाला धरून उठवलं. महिला शिपायाने संचिताचा हात सोडला.

सत्यवान उशीवर कोसळले होते. छाती भात्यासारखी चालत होती, ओठ निळे पडायला लागले होते. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा घसरत होता. मी फुप्फुसांचा सकाळचा फोटो बघितलेला होता, त्यात राखायला काही उरलं नव्हतं. आता ऑक्सिजनने बिघडेल असं काही शिल्लक नव्हतं. निदान गुदमरणं थोडं कमी होईल.

"सिस्टर, ऑक्सिजन लावा," मी म्हटलं.

सावित्रीने माझ्याकडे बघितलं. तिला अर्थ कळला होता. तिने मास्क उचलला.

संचिता पुढे धावली. सासऱ्यांच्या गालांवरचं रक्त तिने पदराने पुसलं, मास्कची दोरी स्वतःच्या हाताने त्यांच्या कानामागे नीट बसवली. सोमवारपासून ती ह्याच एका गोष्टीसाठी माझ्याशी भांडत होती. तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती.

"बाबा, बघलात?" ती त्यांच्या कानाशी म्हणाली. "आता बरे होतल्यात तुमी. मॅडमनी दिल्यानी."

मी नळीचा प्रवाह वाढवला आणि तिच्याकडे बघितलं नाही.